जुने मराठी पिक्चर भारी की आताचे? भुसावळच्या एका दुकानदाराचं मत

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. एक म्हणजे जुने मराठी पिक्चर खरंच चांगले होते की आपण उगाच "आमच्या वेळी असं होतं" करत बसतो, आणि दुसरं म्हणजे घरच्यांसोबत बघण्यासारखं नवं-जुनं काय आहे. आधीच सांगतो, मी समीक्षक वगैरे नाही. भुसावळला इलेक्ट्रिकचं दुकान आहे, गिऱ्हाईक नसलं की मोबाईलवर अर्धा पिक्चर बघून होतो आणि मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीला घरात बसवत नाही म्हणून दुपारच्या शोला जाणारे जे लोक असतात ना, त्यातला मी एक. आमच्याकडे उन्हाळ्यात निम्मी पब्लिक एसीसाठी येते, पिक्चर चांगला निघाला तर बोनस.

आता जुनं-नवं. माझं मत असं आहे भो की जुने सगळे भारी नव्हते, जे टिकले तेच टीव्हीवर लागतात म्हणून आपल्याला तसं वाटतं. अशोक सराफ आणि लक्ष्या बेर्डेचे त्या काळात किती पिक्चर आले, त्यातले निम्मे आज लावले तर दहा मिनिटं बघवणार नाहीत, तेच ते वेषांतर, तोच तो हिरोईनचा श्रीमंत बाप. पण त्याच ढिगातून 'अशी ही बनवाबनवी' निघाला, १९८८ चा, आणि तो आजही लागला की माझा बारावीतला पोरगा सुद्धा रिमोट खाली ठेवतो. का ठेवतो याचा मी बराच विचार केला. जोक तर सगळ्यांना पाठ आहेत, सत्तर रुपयाच्या औषधाचा सीन कोणाला माहीत नाही. पण मूळ भानगड काय आहे, तर पुण्यात भाड्याने खोली मिळत नाही. बास. आमच्या खान्देशातली पोरं डिप्लोमा, आयटीआय करून चाकणला, हिंजवडीला जातात, एका खोलीत पाच-सहा जण राहतात, घरमालक बॅचलरला खोली देत नाही, डिपॉझिट मागतो, मित्र आला तर तोंड वाकडं करतो. त्यांना त्या पिक्चरमध्ये जुनं काही वाटतच नाही. त्याची मूळ गोष्ट १९६६ च्या 'बीवी और मकान' या हिंदी पिक्चरवरून घेतलीय, म्हणजे बघा किती वर्षांपासून भाड्याच्या खोलीचा प्रश्न तसाच आहे.

म्हणून माझी कसोटी एकच आहे. पडद्यावरचा माणूस कमावतो कुठून आणि बोलतो कसा, हे पटलं पाहिजे. मराठी पिक्चरमधला हिरो पुण्याच्या फ्लॅटमध्ये राहतो, कॉफी पितो, लॅपटॉप उघडतो, बंद करतो, आणि नातं तुटलं म्हणून गोव्याला जातो, याचा पगार किती, ईएमआय किती, सुट्टी कोण देतं याला, काहीच कळत नाही. माझं लक्ष तिथेच उडतं. मग गाणं कितीही चांगलं असू द्या.

'सैराट' एवढा चालला त्याचं कारण लोक गाणी सांगतात. गाणी भारीच आहेत, अजय-अतुलने अमेरिकेत जाऊन ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केला, ते सगळं ठीक. तो आला एप्रिल २०१६ च्या शेवटी, ऐन उन्हात, आमच्याकडे लोक नाचू राहिले होते थिएटरात. पण मला आवडला तो दुसरा भाग, जो पुष्कळ लोकांना "स्लो झाला यार" वाटला. पळून जाऊन हैदराबादला झोपडपट्टीत राहणं, डोशाच्या गाडीवर काम, आर्ची ज्या घरात वाढली तिथून येऊन तिला त्या खोलीचा वास सहन न होणं, मग भांडण, मग हळूहळू चार पैसे जमणं. प्रेमाच्या पिक्चरमध्ये एवढा वेळ पोटापाण्यावर कोण घालवतं? नागराज मंजुळेने घालवला म्हणून शेवट एवढा लागतो. शेवट मी सांगत नाही, माहीत नसलेला माणूस महाराष्ट्रात सापडेल असं वाटत नाही पण तरी.

जुन्यातला 'सिंहासन' पण त्याच कारणाने आवडतो. १९७९ चा, जब्बार पटेलांचा. आमचे अण्णा निवडणूक आली की तो लावतात, हा त्यांचा नियमच आहे. अरुण सरनाईक मुख्यमंत्री आणि निळू फुले पत्रकार, आणि ज्या निळू फुल्यांना आपण वाड्यावरचा पाटील म्हणून ओळखतो तो माणूस यात नुसता बघत राहतो सगळ्यांकडे. अण्णा दर वेळी पात्रांना आजच्या पुढाऱ्यांची नावं लावतात, दर निवडणुकीला नावं बदलतात आणि पिक्चर तोच. 'उंबरठा' मात्र त्यांना जड जातो, पण तो घरात बोलायचा विषय आहे कारण स्मिता पाटील म्हणजे शिरपूरच्या पाटलांची लेक, आमच्याकडे तिच्याबद्दल आपलीच असल्यासारखं बोलतात. 'उंबरठा'त बाई नोकरीसाठी घर सोडून महिलाश्रमात जाते आणि परत येते तेव्हा घर तिच्याशिवाय चालायला लागलेलं असतं. १९८२ ला हे दाखवलं! आज ओटीटीवर अशी एक सिरीज आली तर बोल्ड बोल्ड म्हणून आठवडाभर चर्चा होईल.

आता नवे. 'छावा' आम्ही घरचे सगळे मिळून बघितला, फेब्रुवारी २०२५ ला. सुरुवात बुऱ्हाणपूरच्या छाप्याने होते. बुऱ्हाणपूर म्हणजे आमच्या रावेरच्या पुढे, आता मध्य प्रदेशात गेलं पण मोगलांच्या खान्देश सुभ्याचं मुख्य ठाणं तेच, त्यामुळे १६८१ सालचा तो छापा म्हटल्यावर मी सरसावून बसलो. आणि पडद्यावर काय, तर एक मोठ्ठा सेट, धूळ, स्लो मोशन. बुऱ्हाणपूर एवढं श्रीमंत का होतं, तिथला कापडाचा, जरीचा व्यापार, सुरतेला जाणारा रस्ता, यातलं काही नाही, छापा तिथेच का घातला हे न सांगता नुसती मारामारी. विकी कौशलने जीव तोडून काम केलंय, अक्षय खन्ना कमी बोलतो म्हणून जास्त भीतीदायक वाटतो, त्याला पैकीच्या पैकी. पण पार्श्वसंगीत एवढं मोठं की आईने कानाला पदर लावला. शेवटचे हाल बघताना थिएटरात लोक रडत होते, मी पण रडलो, त्यात लाजायचं काय. पण रडवलं म्हणजे पिक्चर चांगला असं मी म्हणणार नाही, तो प्रसंग शाळेच्या पुस्तकात वाचला तरी रडू येतं.

'पुष्पा २' वर फार बोलत नाही. तीन तास वीस मिनिटं. हिंदीत अल्लू अर्जुनचा आवाज आपल्या श्रेयस तळपदेचा आहे, तेवढा अभिमान बाळगून मी पॉपकॉर्न संपवले.

'बाईपण भारी देवा' २०२३ ला आला तेव्हा बायको तिच्या भिशीच्या बायकांसोबत गेली, नऊवारी, नथ, गॉगल सगळं घालून, आणि मी नंतर टीव्हीवर बघितला. खरं सांगू का, दुसरा भाग सिरीयलसारखा वाटला, प्रत्येक बहीण उभी राहून भाषण देते. हे घरात बोललो तर मला सांगण्यात आलं की तुम्हाला कळणार नाही. असेल तसं. पण मराठी पिक्चरला बायका एवढ्या संख्येने घराबाहेर पडल्या हे मी माझ्या डोळ्याने बघितलंय. तेही आमच्याकडे मराठी पिक्चरला बऱ्याचदा सकाळचा एक शो मिळतो, पोळ्या लाटायच्या टायमाला, आणि मग म्हणतात मराठीला प्रेक्षक नाही!

मला स्वतःला गेल्या काही वर्षांत सगळ्यात जास्त आवडलेला म्हणजे 'स्थळ'. २०२५ च्या मार्चमध्ये थिएटरला लागला, जयंत सोमलकरचा. विदर्भातलं खेडं, कापूस पिकवणारा बाप, आणि पोरगी दाखवण्याचे कार्यक्रम. पाटावर बसवून तेच प्रश्न, नाव काय, उंची किती, शिक्षण किती, आवड काय, आणि पाहुणे पोहे खाऊन निघून जातात. कलाकार गावातलेच घेतलेत, त्यामुळे कोणी अभिनय करू राहिलं असं वाटतच नाही. तिकडे कापसाला भाव नाही आणि इकडे हुंड्याचा आकडा वाढतोय, आणि या दोन्ही गोष्टी एकाच घरात एकाच वेळी चालू आहेत हे त्याने भाषण न करता दाखवलं. आमच्या चोपडा, धरणगावकडे जा, हुबेहूब हेच. याच्या जोडीला २००९ चा 'गाभ्रीचा पाऊस' बघा. शेजारच्याने आत्महत्या केली म्हणून एक बायको आपला नवरा पण तसं काही करेल या धास्तीने पोराला त्याच्या मागे मागे पाठवते. विषय असा आणि तरी मध्ये मध्ये हसू येतं, गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी दोघंही जबरदस्त. पाऊस वेळेवर न येणं म्हणजे काय हे ज्याच्या घरी कापूस आहे त्याला समजावून सांगायची गरज नाही.

आता माझी खरी तक्रार. विदर्भाला हे मिळालं, सोलापूरकडच्यांना 'सैराट', 'फँड्री'वाला मंजुळे मिळाला, कोकणाला तर काय, श्वासपासून दशावतारपर्यंत रांगच आहे. आम्हाला काय? ना. धों. महानोर अजिंठ्याजवळच्या पळसखेड्याचे, आमच्या शिवेवरचे, त्यांनी 'जैत रे जैत'ची गाणी लिहिली, पण पिक्चर ठाकर आदिवासींचा, तिकडच्या डोंगरातला. बहिणाबाईंच्या ओव्या १९६१ च्या 'मानिनी'त आल्या. साने गुरुजी अमळनेरला मास्तर होते, 'श्यामची आई' पुन्हा २०२३ ला आला, ब्लॅक अँड व्हाईट, चांगला आहे, १९५३ चा तर राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवलेला पहिला पिक्चर, पण गोष्ट कोकणातली. म्हणजे माणसं आमची आणि लोकेशन दुसऱ्याचं. केळीचे बाग, कापसाच्या जिनिंग, रेल्वे कॉलनी, तापीचा पूल, एवढं सगळं पडून आहे आणि अहिराणी बोलणारं पात्र आलंच तर चहा देणारा नाहीतर गडी. ते पण खोटं अहिराणी. आमची आजी अशा एका पात्राला बघून म्हणाली होती, "हाऊ काय बोली राहयना?"

याला अपवाद मालेगावचा. यंत्रमागावर काम करणाऱ्या पोरांनी, नासिर शेखने, लग्नाचे व्हिडिओ काढायच्या कॅमेऱ्यावर 'मालेगाव के शोले' केला, घोड्याऐवजी सायकली. त्यांच्यावर २०२५ ला रीमा कागतीचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' आला, हिंदीत आहे, थिएटरात फार टिकला नाही पण ओटीटीवर आहे. आणि तिथलेच छोटू दादाचे यूट्यूब व्हिडिओ तर आमच्याकडे लग्नाच्या मांडवात सुद्धा चालू असतात, नाव काय तर 'खान्देश का दादा'. शहरातले लोक नाक मुरडतात, मी पण प्रत्येक व्हिडिओ चांगला म्हणणार नाही, पण तिथे माणसं आमच्यासारखी बोलतात.

तर तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं. आई-वडील सोबत असतील तर 'श्यामची आई' १९५३ चा आधी आणि नवा नंतर, उलटं नको. पोरं असतील तर 'हरिश्चंद्राची फॅक्टरी', फाळक्यांनी पहिला पिक्चर कसा बनवला ते, २००९ चा, हसत हसत बघून होतो आणि बायकोचे दागिने-सामान कसं विकायला लागतं ते पण दिसतं. सगळे एकत्र असतील आणि शेवभाजीचा बेत असेल तर 'बनवाबनवी'च लावा, डोकं लावू नका. 'स्थळ' मात्र लग्नाची पोरगी घरात असेल तर तिच्यासोबत बसून बघा, आणि स्थळं आणणाऱ्या मामाला पण बोलवा. आणि 'सुपरबॉईज' मित्रांसोबत. त्यात शफीकचा रोल शशांक अरोराने केलाय, त्याच्यावर लक्ष ठेवा.