जीटीए ६ ची तारीख दोनदा पुढे गेल्यानंतर येणाऱ्या मोठ्या गेमवर आणि डेव्हलपरांच्या शब्दावर विश्वास ठेवावा का?

आपण विचारले आहे की ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ६’ ची तारीख दोनदा पुढे ढकलली गेल्यावर तो बनवणाऱ्या रॉकस्टारच्या आणि एकूणच मोठ्या स्टुडिओंच्या घोषणांवर भरवसा ठेवावा का, आणि प्री-ऑर्डर सुरू होताच पैसे भरावेत की थांबावे. तारीख पुढे गेली म्हणून माझा भरवसा कमी झालेला नाही आणि तरीही मी प्री-ऑर्डर करणार नाही. यात विसंगती वाटेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डिसेंबर २०२३ मध्ये पहिला ट्रेलर आला तेव्हा फक्त २०२५ हे साल सांगितले होते. मे २०२५ मध्ये २६ मे २०२६ ही तारीख जाहीर झाली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये ती १९ नोव्हेंबर २०२६ वर गेली. दोन्ही वेळा लोक चिडले. मला मात्र असे वाटते की तारीख ही गेम बनवणाऱ्यांपेक्षा तो विकणाऱ्यांची गरज असते. तिमाहीचे ताळेबंद, जाहिरातींचे वेळापत्रक, सणासुदीची विक्री अशा कितीतरी गोष्टी तिला चिकटलेल्या असतात, आणि म्हणून बाहेरच्या माणसाला तिच्यावरून गेमची प्रकृती कळत नाही. ‘ड्यूक न्यूकेम फॉरेव्हर’ १९९७ मध्ये जाहीर होऊन २०११ मध्ये आला आणि इतका वेळ घेऊनही रटाळच निघाला. उलट ‘मेट्रॉइड प्राइम ४’ जाहीर झाल्यानंतर दीड वर्षाने, जानेवारी २०१९ मध्ये, निन्टेंडोने सरळ सांगितले की झालेले काम आमच्या दर्जाला उतरत नाही आणि आम्ही रेट्रो स्टुडिओजकडे ते नव्याने सोपवत आहोत. तो गेम डिसेंबर २०२५ मध्ये आला. एवढ्या मोठ्या कंपनीने दीड वर्षाचे काम मोडीत काढल्याचे उघडपणे कबूल करणे मला आजही विशेष वाटते.

तारखेपेक्षा मी दुसरीच गोष्ट पाहतो: माझे पैसे जाण्याआधी तो गेम परक्या माणसांनी खेळला आहे का, आणि खेळला असेल तर कोणत्या यंत्रावर. ही सवय लागली ‘सायबरपंक २०७७’ नंतर. त्याची तारीख १६ एप्रिल २०२० वरून १७ सप्टेंबर, तिथून १९ नोव्हेंबर आणि शेवटी १० डिसेंबर अशी सरकत गेली. शेवटची ढकल तर गेम ‘गोल्ड’ झाला, म्हणजे डिस्क छापायला जाण्याइतका तयार झाला, असे जाहीर केल्यानंतरची होती. त्या वेळी काही डेव्हलपरांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या होत्या, हे लिहितानाही लाज वाटते. पण खरी खूण तारखांत नव्हतीच. समीक्षकांना आधी फक्त पीसीची प्रत दिली गेली आणि त्यांना स्वतः रेकॉर्ड केलेली दृश्ये दाखवायची परवानगी नव्हती. स्टुडिओने पुरवलेलीच दृश्ये वापरायची होती. प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन यांच्यावर तो कसा चालतो हे विक्री सुरू होईपर्यंत बाहेर जवळजवळ कोणीच पाहिलेले नव्हते. जे लपवले होते तेच मोडके निघाले. सोनीने आठवडाभरात गेम आपल्या स्टोअरवरून काढला, ग्राहकांना पैसे परत दिले, आणि तो परत आला जून २०२१ मध्ये. सप्टेंबर २०२३ मधला २.० पॅच (विक्रीनंतरची दुरुस्ती) आणि ‘फँटम लिबर्टी’ हा जोड-भाग यांच्यानंतरचा ‘सायबरपंक’ मला मनापासून आवडतो, परंतु पहिल्या दिवशी पैसे मोजणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

याच्या अगदी उलट उदाहरण म्हणजे ‘बाल्डर्स गेट ३’. लॅरियन या स्टुडिओने ऑक्टोबर २०२० मध्ये त्याचा केवळ पहिला अंक अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे गेम पूर्ण होण्याआधीच, विक्रीला ठेवला आणि पुढची जवळजवळ तीन वर्षे तो लोकांदेखत दुरुस्त केला. मी तेव्हा तो खेळत होतो. ओसाड पडलेल्या गावात शिरलात की छपरांवर दबा धरून बसलेले गॉब्लिन बाणांचा मारा सुरू करतात. त्या काळी उंचावरून नेम धरणाऱ्याला ‘ॲडव्हांटेज’ मिळत असे, म्हणजे दोन फासे टाकून त्यातला मोठा आकडा धरायचा. परिणामी प्रत्येक लढाईची सुरुवात शिडी शोधण्यापासून व्हायची. जादूगार काय, धर्मगुरू काय, सगळे आधी छपरावर. हे कंटाळवाणे होत आहे असे खेळाडूंनी पुन्हा पुन्हा कळवले आणि एका पॅचमध्ये तो नियम काढून त्याजागी उंचीबद्दल फक्त २ अंकांची भर ठेवण्यात आली. उंचीचा फायदा उरला, पण सक्ती गेली. नियम असा घासून घ्यायला हजारो अनोळखी माणसांचे हात लागतात, आणि स्टुडिओच्या आतल्या चाचणीत ते मिळत नाहीत. ऑगस्ट २०२३ मध्ये पूर्ण गेम आला तेव्हा पहिला अंक सफाईदार होता आणि सर्वाधिक तक्रारी आल्या त्या तिसऱ्या अंकाबद्दल: अडखळणारा फ्रेम रेट (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या), अडकलेली क्वेस्ट (खेळातली कामगिरी). तो भाग आधी कोणी बाहेरच्या माणसाने खेळलेलाच नव्हता.

माझ्या या नियमाला अपवाद आहे आणि तो सांगितला नाही तर उत्तर एकांगी होईल. ‘हॉलो नाइट: सिल्कसाँग’ फेब्रुवारी २०१९ मध्ये जाहीर झाला आणि त्यानंतर तो बनवणारी टीम चेरी वर्षानुवर्षे गप्प बसली. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांनी तारीख सांगितली ती जेमतेम दोन आठवड्यांनंतरची, ४ सप्टेंबर. समीक्षकांनाही आधी प्रती दिल्या नाहीत, कारण टीम चेरीच्या मते इतर खेळाडूंच्या आधी समीक्षकांना गेम देणे योग्य नव्हते. माझ्या निकषाने पाहिले तर हा गेम संशयास्पद ठरायला हवा होता. तरी मी तो पहिल्याच संध्याकाळी घेतला (म्हणजे घेण्याचा प्रयत्न केला, गर्दीने एकामागून एक ऑनलाइन स्टोअर कोलमडली होती) आणि पस्तावलो नाही. मात्र त्यांनाही बाहेरच्या हातांची गरज लागलीच. गेम अवघड असल्याचा गलबला झाल्यावर पहिल्याच पॅचमध्ये मूरविंग आणि सिस्टर स्प्लिंटर हे सुरुवातीचे दोन बॉस (बलाढ्य शत्रू) थोडे सौम्य करण्यात आले. मूरविंगने मला किती वेळा लोळवले ते मी सांगणार नाही; त्याला हरवल्यावर दुसऱ्या दिवशी तो सोपा झाल्याची बातमी वाचली, एवढेच नमूद करतो.

आता या चष्म्यातून ‘जीटीए ६’ कडे पाहू. मे २०२५ मधला दुसरा ट्रेलर प्लेस्टेशन ५ वर रेकॉर्ड केला असून त्यात निम्मे दृश्य प्रत्यक्ष खेळाचे आहे, असे रॉकस्टारने सांगितले. ही चांगली खूण आहे, कारण विकत घेणाऱ्याकडे जे यंत्र आहे त्याच यंत्रावरचे चित्र दाखवले गेले. परंतु ट्रेलर हा शेवटी निवडक क्षणांचा असतो. गेमचे नायक-नायिका जेसन आणि लुसिया व्हाइस सिटीच्या भर रहदारीतून गाडी पळवत असताना, मागे पोलीस लागलेले असताना, फ्रेम रेट किती पडतो हे त्यातून समजत नाही. माझी मुख्य शंका एक्सबॉक्स सिरीज एस, म्हणजे सिरीज एक्सपेक्षा कमी ताकदीचे यंत्र, याविषयी आहे. सिरीज एक्सवर येणारा गेम याही यंत्रावर त्याच सोयींसह चालला पाहिजे, असा मायक्रोसॉफ्टचा आग्रह असतो, आणि ते किती जड जाते हे ‘बाल्डर्स गेट ३’ ने दाखवून दिले. एकाच पडद्यावर दोघांनी खेळण्याची सोय सिरीज एसला पेलेना, म्हणून एक्सबॉक्सची आवृत्ती रखडली. अखेर त्या एका सोयीपुरती सूट मिळाल्यावर ती डिसेंबर २०२३ मध्ये निघाली. आपल्याकडे सिरीज एस असेल, तर त्या यंत्रावरचा सलग, न कापलेला खेळ पाहिल्याशिवाय ‘जीटीए ६’ घेऊ नये, असे मी स्पष्टपणे सुचवेन.

पीसीवाल्यांसाठी तर थांबण्यावाचून पर्यायच नाही, कारण जाहीर झालेल्या यादीत पीसीचे नाव नाही. ‘जीटीए ५’ कन्सोलवर (प्लेस्टेशन, एक्सबॉक्स) सप्टेंबर २०१३ मध्ये आला आणि पीसीवर एप्रिल २०१५ मध्ये. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ च्या वेळी हे अंतर साधारण एका वर्षाचे होते. तांत्रिक कारणे असतील, नाही असे नाही. पण एकाच माणसाने तोच गेम दोनदा विकत घ्यावा हा हिशेबही त्यात आहे, असे माझे मत आहे, आणि मी स्वतः त्या हिशेबात दोनदा बसलेलो आहे.

मला सध्या अधिक कुतूहल आहे ते ‘द विचर ४’ चे, कारण ज्या स्टुडिओने ‘सायबरपंक’ मध्ये हात पोळून घेतले त्याने नेमके काय बदलले ते इथे दिसेल. सीडी प्रोजेक्ट रेडने २०२२ मध्ये स्वतःचे इंजिन (गेम बांधण्याचे सॉफ्टवेअर) बाजूला ठेवून अनरियल इंजिन ५ स्वीकारले, आणि जून २०२५ मध्ये जे प्रात्यक्षिक दाखवले ते साध्या प्लेस्टेशन ५ वर सेकंदाला ६० फ्रेमच्या वेगाने चालणारे होते. हा प्रत्यक्ष गेम नाही, फक्त तंत्राचे प्रात्यक्षिक आहे, हेही त्यांनी त्याच वेळी सांगितले. गेम २०२७ च्या आधी येणार नाही हेही आधीच स्पष्ट केले आहे. आधी कमकुवत यंत्र, मग तगडा पीसी, हा क्रम त्यांनी अखेरपर्यंत पाळला तर मी त्यांना पुन्हा मानायला तयार आहे.

विक्रीनंतरच्या निर्णयांबद्दल माझे मत याहून कडू आहे. ‘क्रॅश टीम रेसिंग नायट्रो-फ्यूल्ड’ जून २०१९ मध्ये आला, त्याचे कौतुक झाले, आणि ऑगस्टमध्ये, म्हणजे समीक्षा छापून झाल्यावर, त्यात खऱ्या पैशांनी नाणी विकत घेण्याची सोय घुसवण्यात आली. पहिल्या दिवशीची समीक्षा वाचून निर्णय घेणाऱ्याची ही शुद्ध दिशाभूल आहे. सर्व्हरवर अवलंबून असलेल्या गेमचा प्रश्न त्याहून मूलभूत आहे. ‘द क्रू’ हा रेसिंगचा गेम ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद होताच एकट्याने खेळण्याच्या भागासह संपूर्ण निकामी झाला, आणि त्यातूनच ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली, जिच्या युरोपातील नागरिक-याचिकेने जुलै २०२५ मध्ये दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. माझ्याही लायब्ररीत असा एक गेम आहे. त्याचे चित्र अजून दिसते, बटण दाबले की गोल फिरत राहते आणि सर्व्हरशी संपर्क होऊ शकला नाही असा संदेश येतो. मी तो काढून टाकलेला नाही. पैसे भरले आहेत, निदान चित्र तरी राहू दे.

लाइव्ह सर्व्हिस, म्हणजे सतत ऑनलाइन चालवल्या जाणाऱ्या गेमविषयी फार लिहीत नाही. ‘काँकॉर्ड’ २३ ऑगस्ट २०२४ रोजी आला आणि दोन आठवड्यांत बंद झाला; सोनीने सर्वांचे पैसे परत केले, ही त्यातली एकमेव चांगली बाब. बंजी या स्टुडिओने ‘मॅरेथॉन’ ची अल्फा, म्हणजे सुरुवातीची, चाचणी लोकांना खेळू दिली, नाराजी ऐकली आणि सप्टेंबर २०२५ ची तारीख मागे घेतली. या प्रकारच्या गेममध्ये मला रस नाही, पण तारीख मागे घेण्याचा हा निर्णय मला योग्य वाटला.

राहिला प्री-ऑर्डरचा प्रश्न. डिजिटल प्रती संपत नाहीत, त्यामुळे आगाऊ पैसे भरून आपल्याला मिळते ते बहुधा एखादे जाकीट, एखादी बंदूक किंवा गाडीचा रंग, आणि स्टुडिओला मिळतात ते गेम कसा आहे हे कळण्याआधीचे पैसे. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात खरेदीपासून १४ दिवसांत आणि २ तासांहून कमी खेळलेले असताना पैसे परत मागता येतात, परंतु अफाट नकाशाच्या गेममध्ये पहिले दोन तास पात्रांची ओळख करून घेण्यातच सरतात. ‘जीटीए ६’ मी आठवडाभर थांबून घेईन. तोवर कथेचे तपशील कानावर न येऊ देणे अवघड जाईल हे मला मान्य आहे.

एका गेमच्या बाबतीत मात्र मी हे सगळे नियम मोडण्याची शक्यता आहे, तो म्हणजे हॅलो गेम्सचा ‘लाइट नो फायर’. याच स्टुडिओने ऑगस्ट २०१६ मध्ये ‘नो मॅन्स स्काय’ विकला तेव्हा खेळाडू एकमेकांना भेटू शकतील असे आधी बोलले गेले होते, आणि पहिल्याच दिवशी दोन खेळाडू एकाच ग्रहावर एकाच जागी उभे राहूनही एकमेकांना दिसले नव्हते. ती सोय नीटपणे जुलै २०१८ मध्ये आली, आणि त्यानंतरही एकामागून एक मोठे अपडेट येत राहिले, सगळे विनामूल्य. ‘लाइट नो फायर’ डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर झाला: पृथ्वीएवढा एकच ग्रह आणि त्यावर सगळे खेळाडू एकत्र. पूर्वी नको तितके बोलणारा हा स्टुडिओ त्या दिवसापासून या गेमबद्दल जवळजवळ काही बोललेला नाही. त्यांचा तो ट्रेलर मी अधूनमधून पुन्हा लावतो आणि डोंगरावर उभे असलेले ते लोक खरेच एकमेकांना दिसत असतील का, हे पाहत बसतो.