कौन्सिल हाऊसिंगला म्हाडाची घरं म्हणू नका

प्रश्न असा आलाय की लंडनच्या न्यूहॅम भागाची बातमी मराठीत आणताना कौन्सिल हाऊसिंगला म्हाडाची घरं, होमलेसला बेघर आणि फंडिंगला अनुदान म्हटलं तर चालेल का.

म्हाडा नकोच. म्हाडा म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर लॉटरी, अनामत रक्कम, कर्ज आणि शेवटी स्वतःच्या नावावरचं घर येतं, तिथलं घर मात्र कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या पालिकेच्या, मालकीचं आणि भाड्याचं असतं, भाडं बाजारापेक्षा बरंच कमी आणि नंबर गरज बघून लागतो, तोही वर्षानुवर्षं थांबून. १९८० च्या कायद्यानं भाडेकरूंना तीच घरं सवलतीत विकत घ्यायचा हक्क मिळाला, लाखो घरं अशी विकली गेली आणि त्या प्रमाणात नवी बांधलीच नाहीत. आपल्याकडे त्यातल्या त्यात जवळचं म्हणजे जुन्या बीडीडी चाळी, सरकारनं बांधून भाड्यानं दिलेल्या. म्हणून मी सरळ ‘पालिकेची भाड्याची घरं’ लिहीन.

बेघर शब्द बरोबर आहे, पण एकटा सोडू नका, कारण आपला वाचक लगेच फुटपाथवर जातो. इंग्लंडच्या कायद्यात राहण्याजोगी हक्काची जागा नसलेला माणूसही बेघरच, मग तो नातेवाइकाच्या सोफ्यावर झोपत असला तरी. न्यूहॅममध्ये तात्पुरत्या निवाऱ्यात राहणाऱ्या कुटुंबांचं प्रमाण देशात सगळ्यात जास्त असलेल्या भागांत येतं. हॉटेलच्या एका खोलीत आई आणि दोन मुलं, स्वयंपाकघर नाही, फक्त किटली, त्यामुळे जेवण बाहेरचं किंवा पाणी ओतून होणारं, मुलांचा अभ्यास पलंगावर, हे सगळे कायद्यानं बेघर. मुलं असलेल्या कुटुंबाला अशा, स्वतःचं स्वयंपाकघर किंवा बाथरूम नसलेल्या जागेत सहा आठवड्यांपेक्षा जास्त ठेवायचं नाही असा नियम आहे, तरी तो मोडला जातो आणि याचा मला खरंच राग येतो. तेव्हा यांना ‘तात्पुरत्या निवाऱ्यातली बेघर कुटुंबं’ म्हणा, आणि रस्त्यावरच्यांना ‘उघड्यावर झोपणारे’.

खरी गल्लत पैशाच्या शब्दात होते. पालिकेच्या घरांचं भाडं वेगळ्या खात्यात जातं, त्यातून त्याच घरांची दुरुस्ती वगैरे होते. बेघरांच्या निवाऱ्याचा बोजा पडतो तो दुसऱ्या, सर्वसाधारण खात्यावर. हाऊसिंग बेनिफिटपोटी, म्हणजे गरिबांना भाड्यासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीपोटी, केंद्र सरकार या निवाऱ्याचे काही पैसे परत देतं, पण ती रक्कम बऱ्याच निवाऱ्यांसाठी कित्येक वर्षं जानेवारी २०११ च्या भाडेदराच्या ९० टक्क्यांवर अडकवलेली, भाडी मात्र आजची, आणि मधली तूट कौन्सिलनं भरायची, म्हणजे बाकीच्या सेवांचे पैसे तिकडे वळवायचे. याला ‘अनुदान’ म्हटलं की सरकारनं उपकार केल्यासारखं वाटतं, म्हणून इथे ‘परतावा’ लिहा. ठरावीक कामासाठी वेगळी रक्कम दिली असेल, उदाहरणार्थ बेघरपणा टाळण्यासाठी, तर तिथे अनुदान बरोबर.

आणि बातमीत डिप्राइव्हड हा शब्द आला तर त्याला ‘वंचित’ नको, महाराष्ट्रात आता त्या शब्दाला राजकीय अर्थ चिकटलाय. ‘गरीब भाग’ पुरेसं आहे.