आकाशदर्शनाच्या रात्री डासांचं काय करायचं?

प्रश्न: आमचा गट वांगणीला आकाशदर्शनाला जातो. डासांचं मलम लावलेल्या हाताने दुर्बीण हाताळली तर बिघडते का?

हो, बिघडू शकते. औषधाच्या वेष्टनावर 'डीट' लिहिलंय का ते आधी बघा. डीट प्लास्टिक आणि रंग विरघळवतं, त्यामुळे फोकसचं बटण चिकट होतं. भिंगाला बोट लागलं तर वरच्या लेपावर तेलकट डाग बसतो तो वेगळाच. पिकारिडिन असलेलं औषध प्लास्टिकला त्रास देत नाही. तरी कोणतंही औषध दुर्बीण उघडण्याआधी, लांब जाऊन लावा आणि तळवे साबणाने धुवा. माझा भर मात्र कपड्यांवर आहे: पूर्ण बाह्यांचा सैल सदरा आणि पँटवर ओढलेले मोजे. घट्ट, पातळ कापडातून डास सहज चावतो.

कॉइल नकोच. धूर आरशावर बसतो, आणि हिवाळ्यातल्या वाळक्या गवतात एक निखारा वणव्याला पुरतो. त्यापेक्षा खुर्चीपाशी बॅटरीवरचा पंखा ठेवा. डास आपल्या श्वासाचा आणि घामाचा माग काढत येतात. वाऱ्याने तो माग विस्कटतो, शिवाय त्यांना नीट उडताही येत नाही. पंखा तिवईला बांधू नका, प्रतिमा थरथरेल.

प्रश्न: नकाशा बघायला बॅटरी लावली की किडे झेपावतात.

लाल प्रकाश वापरा. बहुतेक कीटकांना अतिनील, निळा, हिरवा प्रकाश दिसतो, लाल फारसा दिसत नाही. अंधाराला सरावायला डोळ्यांना 20 ते 30 मिनिटं लागतात, तो सरावही मोडत नाही. मोबाईलवरही लाल जिलेटिन कागद लावा.

प्रश्न: पावसाळ्यानंतर दुर्बिणीच्या नळीत कुंभारमाशीचं मातीचं घर सापडलं. आरसा पुसू का?

मुळीच नाही! आरशावरचा ॲल्युमिनियमचा थर उघडा असतो, मातीच्या कणाने ओरखडे पडतात. नळीचं तोंड खाली झुकवून माती हलकेच सोला, म्हणजे ती बाहेर पडेल. कीटकनाशक आत फवारू नका. यापुढे दोन्ही टोकांना झाकणं लावा.

प्रश्न: एप्रिलमध्ये कोकणात सतरंजीवर पडून उल्का बघायच्या आहेत. विंचवाची भीती वाटते.

ती रास्त आहे, कोकणातला लाल विंचू जीवघेणा ठरू शकतो. सतरंजीऐवजी खाट किंवा आरामखुर्ची घ्या. अतिनील बॅटरीच्या उजेडात विंचू हिरवट चमकतो, म्हणून बसण्याआधी जागा तिने तपासा. बूट झटकूनच घाला. दंश झालाच तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन वापरून अनेकांचे प्राण वाचवले. ते औषध वेळेत मिळावं लागतं, तेव्हा जवळचा दवाखाना कुठे आहे हे उजेडातच विचारून ठेवा.