वाचकांचे प्रश्न : ग्रीस कोणत्या सांध्याला, आणि कोणते?

प्रश्न : माझ्या फोर-बाय-फोर ट्रकचे मूळचे कंट्रोल आर्म (ॲक्सलला चौकटीशी जोडणारे दांडे) काढून मी लांबी कमी-जास्त करता येणारे आर्म बसविले आहेत. त्यांच्या एका टोकाला ग्रीस निपल (ग्रीस भरण्याचे तोंड) असलेला गोळ्याचा सांधा आहे आणि दुसऱ्या टोकाला निपल नसलेला बुश, म्हणजे बोल्टभोवतीचे लवचिक अस्तर. पॅनहार्ड रॉडला (ॲक्सल आडवा सरकू न देणाऱ्या दांड्याला) मात्र उघडा, चकचकीत गोळा दिसणारा सांधा आहे. मी दर महिन्याला सगळीकडे ग्रीस लावतो, तरी कुरकुर थांबत नाही. माझे काय चुकते आहे?

उत्तर : आपण तीन निराळ्या जातींच्या सांध्यांना एकच औषध देत आहात. प्रथम निपल नसलेला बुश पाहा. तो रबराचा असून रबर आतल्या व बाहेरच्या नळीला पक्के चिकटविलेले असेल, तर त्यात काहीही कशावर घासत नाही. आर्म वर-खाली होतो तेव्हा रबर स्वतः पिळले जाते आणि पूर्वपदावर येते. तेथे वंगणाला कामच नाही, उलट खनिज तेलापासून बनविलेले ग्रीस नैसर्गिक रबराला फुगवते. अशा बुशाचे आयुष्य पुष्कळसे त्याचा बोल्ट कोणत्या स्थितीत आवळला यावर ठरते. गाडी जॅकवर आणि चाके लोंबकळत असताना तो आवळला, तर गाडी जमिनीवर येताच रबर पिळलेल्या अवस्थेत अडकून राहते आणि लवकर फाटते. म्हणून बोल्ट सैल ठेवावा, गाडी चाकांवर उभी करावी आणि मगच त्याला पूर्ण टॉर्क (आवळण्याचा ठरवून दिलेला पीळ) द्यावा.

बुश पॉलियुरेथेनचा असेल, तर गोष्ट नेमकी उलट होते. त्यातील आतली नळी चिकटविलेली नसते, ती पॉलियुरेथेनच्या आत फिरते, आणि ही जागा कोरडी पडली की कुरकुर सुरू होते. आपल्या तक्रारीचे मूळ बहुधा येथेच आहे. निपल नसल्यामुळे वरून बोटाने माखलेले ग्रीस आत पोहोचत नाही. आर्म उतरवून, नळी बाहेर काढून, जुनी माती व ग्रीस पुसून, बुशाच्या आतल्या भोकाला आणि ब्रॅकेटच्या कानांना (बोल्ट ज्यांतून जातो त्या दोन पट्ट्यांना) टेकणाऱ्या दोन्ही बाजूंना नवे ग्रीस लावावे लागते. काम कंटाळवाणे आहे, पण त्याला जवळची वाट नाही.

पॅनहार्ड रॉडच्या उघड्या सांध्यात गोळा आणि कडे यांच्यामध्ये टेफ्लॉनचे पातळ अस्तर असेल, तर त्याला ग्रीस अजिबात लावू नये. ते अस्तर हेच त्याचे वंगण असते. ग्रीस लावले की त्यावर वाळू चिकटते आणि तीच वाळू अस्तर कुरतडू लागते. साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडा करणे एवढीच त्याची निगा. अस्तर नसलेल्या, धातूवर धातू फिरणाऱ्या सांध्याला मात्र वंगण हवेच. दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात, म्हणून उत्पादकाचे पत्रक पाहिल्याशिवाय ग्रीस गन हाती घेऊ नये.

प्रश्न : चाकांच्या बेअरिंगसाठी आणलेले ग्रीस या सांध्यांना चालेल काय? दोन प्रकारची ग्रीस मिसळली तर बिघडते काय?

उत्तर : डब्यावर एनएलजीआय २ (ग्रीसची एक प्रमाणित श्रेणी) असे लिहिलेले असते, ते केवळ ग्रीसचा घट्टपणा सांगते. घोटलेल्या ग्रीसमध्ये २५ अंश सेल्सिअसला ठरावीक वजनाचा शंकू २६.५ ते २९.५ मिलिमीटर रुतला, की ते ग्रीस या श्रेणीत बसते. ते पाण्यात टिकेल की नाही, याबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही. सांधा पोलादावर पोलाद फिरणारा असेल, तर लिथियम कॉम्प्लेक्स जातीचे चांगले ग्रीस पुरते. गाडी वारंवार पाण्यातून जात असेल, तर मी कॅल्शियम सल्फोनेट जातीचे ग्रीस निवडीन, कारण ते पाण्याने सहजासहजी धुतले जात नाही. पॉलियुरेथेनच्या बुशांना सिलिकोनचे किंवा टेफ्लॉन मिसळलेले कृत्रिम ग्रीस द्यावे. (सिलिकोनचे हात घेऊन रंगकामाकडे मात्र जाऊ नका, त्याचा अंश पत्र्यावर राहिला, तर नव्या रंगात माशाच्या डोळ्यांसारखे खळगे पडतात.)

मिसळणीचा धोका खरा आहे. ग्रीस म्हणजे तेल आणि ते धरून ठेवणारा घट्टकारक. लिथियमचे आणि पॉलियुरियाचे घट्टकारक एकत्र आले, की पुष्कळदा मिश्रण पातळ होऊन तेल गळून जाते. जात बदलायची असेल, तर सांधा उघडून स्वच्छ करणे उत्तम. ते शक्य नसेल, तर जुना रंग दिसेनासा होईपर्यंत नवे ग्रीस भरत राहावे.

प्रश्न : नाल्यातून गाडी काढल्यावर लगेच ग्रीस द्यावे काय?

उत्तर : निपल असलेल्या सांध्यांना त्याच दिवशी द्यावे. येथे ग्रीसचे मुख्य काम आत शिरलेले पाणी आणि चिखल बाहेर ढकलणे हे असते. त्याआधी निपलचे तोंड फडक्याने पुसावे, नाहीतर तोंडावरचा चिखल आपणच आत कोंबतो. दोन-तीन दाब द्यावेत, आर्म हलेल इतकी गाडी पुढे-मागे करावी, आणि कडेने स्वच्छ ग्रीस डोकावेपर्यंत पुन्हा द्यावे. बाहेर आलेले पुसून टाकावे. स्टिअरिंगच्या बॉल जॉइंटला रबरी बूट (आवरण) असेल, तर बूट जरासा फुगताच थांबावे. तो फाटला, तर सांध्याचे रक्षण संपले. हातगनही काहीशे बार दाब निर्माण करते, त्यामुळे गळणाऱ्या तोंडावर बोट धरणे धोक्याचे आहे.

प्रश्न : सर्व सांध्यांना नियमित ग्रीस देऊनही ब्रेक लावताना पुढून ‘ठक्’ असा आवाज येतो. ग्रीस अधिक द्यावे काय?

उत्तर : नको. ठकठक हे कोरडेपणाचे लक्षण क्वचितच असते, बहुतेक वेळा ते ढिलाईचे असते. गोळ्याच्या सांध्यात बोल्टने गोळ्याला ब्रॅकेटच्या दोन कानांमध्ये घट्ट आवळून धरायचे असते, म्हणजे सारी हालचाल गोळ्याभोवती होते. बोल्ट सैल पडला, की गोळ्याऐवजी बोल्टच भोकात हलतो आणि थोड्याच काळात गोल भोक लंबगोल होते. नव्या आर्मच्या बाबतीत हे हमखास घडते, कारण कानांवरचा जाड रंग दबून जातो आणि आवळ कमी होते. म्हणून पहिल्या फेरीनंतर प्रत्येक बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासावा आणि बोल्टच्या डोक्यावरून ब्रॅकेटवर रंगाची एक रेघ ओढावी. रेघ तुटलेली दिसली, की बोल्ट फिरल्याचे कळते. आट्यांना मात्र ग्रीस लावू नये. दिलेला टॉर्क कोरड्या आट्यांसाठी असेल, तर ग्रीस लावलेल्या आट्यांवर तोच टॉर्क बोल्टला गरजेपेक्षा जास्त ताणतो.

दोष शोधण्यासाठी गाडी सपाट जागी, चाकांवर, हँडब्रेक लावून आणि चाकांना अडण्या देऊन उभी करावी. एकाने स्टिअरिंग थोडे डावीकडे-उजवीकडे झटक्याने हलवावे आणि दुसऱ्याने एकेका सांध्यावर बोटे ठेवून पाहावे. बोल्ट ब्रॅकेटमध्ये हलत असेल, तर दोष आवळीचा किंवा भोकाचा. गोळा आपल्या घरात खुळखुळत असेल, तर गोळ्याला धरणाऱ्या आतल्या वाट्या झिजल्या आहेत. ज्या सांध्याला सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) किंवा आट्यांचे कडे असते, त्याच्या वाट्या बदलता येतात. आर्मची लांबी पक्की धरणाऱ्या चेकनटकडेही लक्ष द्यावे, कारण तो सैल असला, तर आवाज अगदी सांध्यातून आल्यासारखाच वाटतो. लंबगोल झालेल्या भोकात जाड बोल्ट ठोकून वेळ मारून नेण्याचा मोह होतो. तसे न करता ब्रॅकेटवर योग्य मापाच्या भोकाची जाड चकती वेल्ड करून घ्यावी.