युक्रेनचे मनोबल : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : कीव्हमध्ये रात्री क्षेपणास्त्रांचा मारा होतो आणि सकाळी लोक कॅफेत बसलेले दिसतात. हे धैर्य मानावे, की मन बधिर झाल्याचे लक्षण?

दोन्ही निदाने घाईची आहेत. सकाळी कॅफेत दिसणाऱ्या माणसाची रात्र बहुधा दोन भिंतींच्या आड गेलेली असते. बाहेरची भिंत स्फोटाचा धक्का घेते आणि आतली काचा व तुकडे अडवते, या हिशेबाने कितीतरी कुटुंबे खिडक्या नसलेल्या बोळात अंथरूण घालतात. झोपमोड, चिडचिड, छातीतली धडधड हे सारे त्या माणसाला होत असतेच. तरीही तो कामावर जातो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉर्ज बोनॅनो यांच्या संशोधनातून दिसून आले आहे की, मोठ्या आघातानंतरही बहुसंख्य माणसे, काही काळ मन विचलित झाले तरी, आपले दैनंदिन जीवन सांभाळू शकतात. मात्र असे बरेचसे संशोधन घडून गेलेल्या आघातांविषयी आहे, आणि युक्रेनमधला आघात अजून घडतोच आहे, हे विसरून चालणार नाही.

शिवाय मनोबल ही निव्वळ एकेका माणसाच्या आतली शक्ती नसते. मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन हॉबफॉल आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये सामूहिक संकटात माणसांना सावरणाऱ्या पाच गोष्टी मांडल्या : सुरक्षिततेची जाणीव, मन शांत होणे, आपण व आपला समूह काही करू शकतो हा प्रत्यय, आपल्या माणसांशी जोडलेले असणे आणि आशा. ऑक्टोबर 2022 पासून रशियाने वीजयंत्रणेवर हल्ले सुरू केले, तेव्हा युक्रेन सरकारने ठिकठिकाणी ऊब, वीज, चहा आणि इंटरनेट देणारी ‘अजिंक्यता केंद्रे’ उघडली. तिथे फोन चार्ज होत असेच, पण शेजारीही भेटत. जनरेटरवर चालणारा कॅफेही याच कारणासाठी गजबजलेला असतो.

प्रश्न : दुष्काळ, दडपशाही, महायुद्ध असे सारे सोसल्यामुळे युक्रेनियन माणूस मुळातच कणखर झाला आहे का?

दुःख ही लस नव्हे. 1932-33 च्या होलोदोमोर या मानवनिर्मित दुष्काळात लाखो माणसे मेली. त्या स्मृतीमुळे आजच्या लढ्याला अर्थ मिळतो हे खरे, परंतु तिने मज्जासंस्था पोलादी होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार संघर्षग्रस्त प्रदेशांत सुमारे 22 टक्के लोकांना नैराश्य, चिंताविकार किंवा आघातोत्तर तणाव यांसारखा एखादा मानसिक विकार असतो. युक्रेनियन त्याला अपवाद नाहीत.

उलट इतिहासाने एक अडसरही मागे ठेवला आहे. सोव्हिएत राजवटीत विरोधकांना वेडे ठरवून रुग्णालयात डांबले जाई. राजवटीवर टीका करणारे सोव्हिएत जनरल पेत्रो ग्रिगोरेन्को यांच्यावर मारलेला असा शिक्का खोटा असल्याचे कीव्हचे तरुण मनोविकारतज्ज्ञ सेमियन ग्लुझमन यांनी लिहून दाखवले. ग्लुझमन यांना 1972 मध्ये अटक झाली आणि सात वर्षे श्रमछावणी व तीन वर्षे हद्दपारी भोगावी लागली. अशा देशात मनाच्या डॉक्टरकडे जायला लोक कचरले तर नवल नाही. म्हणूनच राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्की यांच्या पत्नी ओलेना झेलेन्स्का यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमातील मोहिमेचे ‘ती याक?’, म्हणजे ‘तू कसा आहेस?’, हे साधे नाव आणि कुटुंबवैद्यांना प्राथमिक मानसोपचाराचे प्रशिक्षण देण्याचा निर्णय मला महत्त्वाचे वाटतात.

प्रश्न : मुलांचे काय?

खार्किव्ह रशियाच्या सीमेपासून इतके जवळ आहे की, कधीकधी भोंग्याआधीच क्षेपणास्त्र येऊन आदळते. तिथे सप्टेंबर 2023 पासून मेट्रो स्थानकांत वर्ग भरू लागले. अभ्यास ऑनलाइनही होतच होता. नव्हता तो शेजारच्या बाकावरचा मित्र. भुयारातली शाळा बालपणाची भरपाई करत नाही, पण तो मित्र परत मिळवून देते.

प्रश्न : मी खार्किव्हला एमबीबीएस करत होतो आणि 2022 मध्ये ‘ऑपरेशन गंगा’तून परतलो. माझ्या घरमालकीणबाईंचा मुलगा आघाडीवर बेपत्ता आहे. फोनवर त्यांच्याशी काय बोलावे?

“तुम्ही किती खंबीर आहात” असे म्हणू नका. कौतुक झालेल्या माणसाला मग रडायची चोरी होते. बेपत्ता माणसाच्या घरच्यांना शोकही करता येत नाही आणि निश्चिंतही होता येत नाही. अमेरिकी संशोधक पॉलिन बॉस यांनी या अधांतरी वियोगाचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. “तो नक्की परत येईल” आणि “आता मन घट्ट करा” ही दोन्ही वाक्ये टाळा. मुलाचे नाव घेऊन बोला, आठवणी निघाल्या तर ऐका, रात्री झोप लागली का, वीज होती का हे विचारा, आणि पुढचा फोन कधी कराल ते सांगून त्याच वेळी करा. कित्येक आठवडे झोप नसेल, जेवण सुटले असेल किंवा जगणे नकोसे झाल्याची भाषा येत असेल, तर त्यांना कुटुंबवैद्यांकडे जायला सुचवा. ‘लाइफलाइन युक्रेन’ या आत्महत्या रोखण्यासाठीच्या हेल्पलाइनचा 7333 हा क्रमांकही आहे. दिवाळीतल्या फटाक्यांनी तुम्ही स्वतः दचकून उठत असाल आणि त्याचा रोजच्या कामावर परिणाम होत असेल, तर आपल्याकडे ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची 14416 या क्रमांकावरची निःशुल्क सेवा मराठीतही उपलब्ध आहे.