अमेरिकेत लायसन्सवर 300 यार्डांवरून हरीण मारायला .308 (नळीचा व्यास, इंचात) रायफलीसाठी कोणती गोळी घ्यावी?

150 ते 165 ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) वजनाची, पॉलिमर टोकाची बोट-टेल (बुडाशी निमुळती) शिकारी गोळी घ्या. लांबवर वेग पडतो, आणि लागल्यावर तोंड फुलायला अशा बहुतेक गोळ्यांना सेकंदाला साधारण 1800 फूट वेग लागतोच. निमुळत्या बुडामुळे तो जास्त टिकतो. मी फौजेत आर्मरर (हत्यारं सांभाळणारा, दुरुस्त करणारा) होतो, तरी सांगतो, फौजी बॉल गोळी (पूर्ण धातूच्या आवरणाची) स्वस्त मिळाली तरी नको. ती न फुलता सुईसारखी आरपार जाते, जनावर जखमी होऊन पळत सुटतं. डब्यावर छापलेला वेग बहुधा 24 इंची नळीचा असतो. तुमची आखूड असेल तर पल्ला कमीच धरा. आणि सुट्टीत साताऱ्याला आलात की कोयनेकडे हा विचारही नको, 1972 च्या वन्यजीव कायद्यात सांबर मारलं की तुरुंग.