टेबलापाशी सुरू होणारा नेम

प्रिय मित्रा,
सप्रेम आशीर्वाद.

तयार काडतुसं विकत मिळत असताना मी रात्र-रात्र बसून ती स्वतः का भरतो, असं तू विचारलंस. पैसे वाचतात, असं मी घाईत म्हणून गेलो. पितळेची पुंगळी हा काडतुसाचा सहसा सगळ्यात महाग भाग, आणि ती पुन्हा वापरता येते, हे खरंच. पण काडतूस स्वस्त पडलं की आपण जास्त झाडतो. वाचलेलं तिथेच जातं.

खरं कारण वेगळं आहे. कारखान्याचं काडतूस त्या मापाच्या प्रत्येक रायफलीत चाललं पाहिजे. तुझी रायफल मात्र एकच. बार उडाला की पुंगळी फुगून तुझ्याच चेंबरला, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या खोबणीला, टेकते आणि जवळजवळ त्याचाच आकार घेते. मग तिला बेतानं दाबून पुन्हा मापात आणायचं, गोळी किती खोल बसवायची ते ठरवायचं, पावडर, म्हणजे आतली दारू, थोडी-थोडी कमी-जास्त करून बघायची. कित्येक महिने असं केल्यावर एका सकाळी कागदावरची पाच भोकं एकमेकांना चिकटली. तो कागद माझ्या वहीत अजून आहे. त्या दिवसापासून नेम चुकला की काडतुसाला बोल लावता येत नाही. श्वास, बोट आणि वारा एवढंच तपासायचं उरतं. मला हे फार आवडतं.

पावडर ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम, आणि आपण त्याच्याही दहाव्या हिश्शासाठी जीव टाकतो. बेंचरेस्टवाले, म्हणजे रायफल टेबलावर टेकवून अचूक नेमाच्या स्पर्धा खेळणारे, तर मैदानावरच, दोन फेऱ्यांच्या मध्ये काडतुसं भरतात.

आता जे सांगतो ते नीट ऐक. एकदा पिस्तुलाच्या ५० पुंगळ्यांत पावडर ओतत होतो. कुणीतरी हाक मारली, उठलो. परत आल्यावर कुठवर आलो होतो ते आठवेना. टॉर्च मारून एकेक पुंगळी बघितली, तर एकीतली पावडर बाकीच्यांपेक्षा वर आलेली. पिस्तुलाला पावडर इतकी थोडी लागते की दुप्पट पडली तरी आत मावते. गोळी बसवली असती तर बाहेरून काहीच कळलं नसतं. पन्नासही रिकाम्या केल्या. आता ओतताना फोन दुसऱ्या खोलीत असतो आणि टेबलावर पावडरचा एकच डबा. पावडर अजिबात न पडणंही तितकंच वाईट: गोळी नळीत अडकते, आणि तिच्यामागून पुढची झाडली तर नळी फुटू शकते. म्हणून पावडरची मापं काडतुसं भरण्याच्या छापील तक्त्यातलीच घ्यायची, सुरुवात खालच्या आकड्यापासून करायची. परवान्याचे नियम आधी विचारून घे.

पुढच्या वेळी येताना झाडलेल्या पुंगळ्या घेऊन ये. बारीक तारेचं टोक वाकवून आतून बुडाजवळ फिरवायचं. तिथे खाच लागली तर ती पुंगळी बाद. पहिल्या दिवशी आपण एवढंच करू. आणि दोन रायफलींच्या पुंगळ्या एकाच पिशवीत टाकू नकोस.

तुझा,
काका